सगळेच ओल्गेर एस्पिनोसा

लिसार्दोचे बोलणे थांबले, आणि ओवोच्या फळझाडाखालच्या लांब टेबलाभोवती सगळे आपापल्या ताटात पाहू लागले.

तुरीच्या ओल्या दाण्यांच्या भातावरून वाफ निघत होती. शेळीच्या रश्श्यावरचा तवंग थंड होत, आकसत चालला होता. लिसार्दो एस्पिनोसा मात्र अजून हवेतच होता: दोन्ही हात पसरलेले, मान किंचित तिरपी, कपाळावर कुणालाही न दिसणारा चेंडू.

"असा!" तो पुन्हा म्हणाला. "कोपऱ्यातून चेंडू आला आणि माझा पोरगा दोघांच्या खांद्यावरून असा उठला, असा! ग्वायाकिलच्या गोदीत आमची अख्खी पाळी टीव्हीला चिकटलेली. मी टेबलावर चढलो. म्हटलं, बघा रे, माझं रक्त आहे ते! रडलो मी तेव्हा. सांगायला लाज नाही वाटत."

त्याच्यासमोर बाकावर दोन तरुण कोपराला कोपर लावून बसले होते. दोघांचेही नाव ओल्गेर एस्पिनोसा. एक तेओलिंदाचा, म्हणजेच लिसार्दोचा. दुसरा शेजारच्या ओफेलियाचा. आणि तो गोल ओफेलियाच्या ओल्गेरने मारला होता.

तेओलिंदा पळी हातात घेऊन उभी राहिली. पोर रांगत होते तेव्हा हा माणूस गोदीच्या कामाला म्हणून गेला होता, आणि पोर विशीत आल्यावर आज सकाळच्या बसने परतला होता. अंगात क्विटोच्या क्लबचा निळा शर्ट, पाठीवर नऊचा आकडा आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत 'एस्पिनोसा'. वर्षभर छातीशी धरलेला तो शर्ट शेजारणीच्या मुलाचा होता. तिचा मुलगा त्याच क्लबात होता खरा, पण वर्षभर राखीव बाकावर बसून. त्याचा पहिला सामना येत्या रविवारी होता.

तिने मुलाकडे पाहिले. तो भाताच्या ढिगात चमच्याने एक रस्ता पाडत होता.

"चांगला गोल होता तो," अखेर तो म्हणाला. "नाही का रे, तोकायो?"

ओफेलियाच्या ओल्गेरला पाणी पिताना ठसका लागला. "ब... बरा होता," तो म्हणाला. "उजवा खांदा अजून वर यायला हवा होता."

"खांदा?" लिसार्दो उखडला. "तू काय त्याच्या चुका काढतोस? तुला मारता येईल का तसा?"

"नाही हो, काका. मला कुठलं जमायला?"

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या वयोवृद्ध डॉन ओल्गेर यांनी हातरुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते.

तोकायो. ज्याचे नाव आपले नाव आहे, त्याला इकडे या एकाच शब्दाने हाक मारतात. ही दोन पोरे शाळेच्या पहिल्या दिवसापासून एकमेकांना दुसरे काही म्हणाली नव्हती. आपलेच नाव दुसऱ्याच्या तोंडावर फेकून मारायचे नसते. ते दोघांच्या मध्ये, एका पाण्याच्या भांड्यासारखे ठेवायचे असते. तेओलिंदाला हा शब्द आवडत असे. आज मात्र मुलाने तो ज्या मऊपणाने उच्चारला, त्याचा तिला राग आला. बापाचे पडते तोंड सावरायला त्याने आपल्या मित्राचा गोल उसना घेतला होता. ज्याने याला कधी हात धरून चालवले नाही, त्याच्यासाठी.

तेवढ्यात कुंपणाचे फाटक कोपराने ढकलत ओफेलिया आली. कापडाचे एक मोठे गाठोडे तिने छातीशी कवटाळले होते आणि ओठांत दोन टाचण्या होत्या.

"शिवून झाले गं बाई एकदाचे," ती टाचण्यांतूनच म्हणाली. मग तिचे लक्ष लिसार्दोच्या पाठीकडे गेले. टाचण्या तिने काढून एप्रनच्या कडेला टोचल्या. "अगं तेओ, हा बघ! वीस वर्षांनी आला, आणि आला तो माझ्या पोराचा शर्ट घालून!"

लिसार्दो हसला. मग कुणीच हसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

"तुझ्या पोराचा कसा?"

"नऊ नंबर. एस्पिनोसा. हा काय, इथे बसलाय गाढव, तुझ्यासमोर भात चिवडत." तिने आपल्या मुलाच्या डोक्यावर टप्पल मारली. "का रे? सांगितलं नाहीस त्याला?"

"काका रंगात आले होते," तो पुटपुटला.

लिसार्दो खाली बसला. शर्टाची छाती त्याने दोन बोटांनी पुढे ओढली आणि तिच्याकडे असे पाहिले, जणू कुणी भर रस्त्यात त्याचे कपडे बदलून पळाले होते. "म्हणजे अख्खं वर्ष..." तो म्हणाला. "मी दुसऱ्याच्या पोरासाठी रडलो?"

"रडलास ना?" डॉन ओल्गेर रुमाल घडी घालत म्हणाले. "मग झालं तर. तेही ओल्गेर एस्पिनोसाच. अश्रू काही नाल्यात गेले नाहीत."

दोष कुणाचा म्हणायचा? खरे पाहता तो डॉन ओल्गेर यांचाच होता. तारुण्यात ते खोऱ्यातले पहिले गोलरक्षक, राजधानीच्या मैदानावर उतरलेले पहिले काळे हात. एका दुपारी त्या हातांनी पेनल्टी अडवली. रेडिओवरचा माणूस त्यांचे नाव घसा बसेपर्यंत ओरडत राहिला, आणि त्या वर्षापासून चोताच्या खोऱ्यात जन्मणाऱ्या निम्म्या मुलग्यांच्या डोक्यावर पाद्रीबुवा एकाच नावाचे पाणी शिंपडू लागले. आडनावाचे तर विचारूच नका. उसाच्या जुन्या मळ्याचा मालक एस्पिनोसा होता. त्याने गुलाम पूर्वजांच्या पाठीवर आपले नाव ठेवले आणि ते तिथून कधी उतरलेच नाही. असे करता करता पुएंते सेको नावाच्या या धुळकट गावात ओल्गेर एस्पिनोसांचे पीक आले, आणि कशी गंमत, त्यातले एकही वाया गेले नाही. एकाने वजने उचलून परदेशातून पदक आणले. एक इबार्राच्या कोर्टात न्यायाधीश झाला. एकाचा ढोल रेडिओवर वाजतो. एक डोंगरी शर्यतीत धावतो, आणि हे दोघे फुटबॉलमध्ये. वर्तमानपत्रात नाव आले की गावात आधी भांडण होते, कोणता म्हणून.

गावाने त्यावर केव्हाच उपाय काढला होता. तेओलिंदाचा ओल्गेर, ओफेलियाचा ओल्गेर, चालाबाईचा ओल्गेर. हाक बापाच्या नावावर अडली की आईच्या दारातून वळून जायची. हा उपाय गावाच्या वेशीबाहेर मात्र चालत नव्हता.

"बरं," लिसार्दो घसा साफ करत म्हणाला. त्याने आता आपल्या मुलाकडे, प्रथमच नीट, पाहिले. "म्हणजे तू... तू अजून खेळलाच नाहीस?"

"रविवारी खेळणार आहे."

"मग तुझ्या शर्टावर काय? एस्पिनोसाच ना?"

मुलाने चमचा खाली ठेवला. "तेच तर ठरायचंय. क्लबात दोन ओल्गेर एस्पिनोसा नकोत म्हणतात. तोकायो आधी आला, एस्पिनोसा त्याचं झालं. कपडेवाल्या माणसाचा आज संध्याकाळी फोन येईल. काय छापायचं ते मी सांगायचंय."

"सांगायचं काय त्यात? एस्पिनोसा सी. छापा म्हणावं. पुढे एक सी, त्यावर टिंब. झालं काम."

"सी म्हणजे काय रे, लिसार्दो?" ओफेलियाने अगदी गोड आवाजात विचारले.

"सी म्हणजे... तेच. दुसरं आडनाव."

"त्याला नाव नाही का? टिंबाखाली झाकून ठेवतोस ते? भांड्यावर झाकण टाकल्यासारखं?"

"तू मध्ये पडू नकोस, ओफेलिया. मी रजिस्टर कचेरीत स्वतः गेलो होतो, पोर पोटाशी धरून. पाऊस होता. खोऱ्यात किती बाप गेले असे? माझं आडनाव मी दिलं त्याला. दिलं की नाही, तेओ?"

"दिलंस," तेओलिंदा म्हणाली. ते खरे होते, आणि खरे ते नाकारणाऱ्यांतली ती नव्हती.

"मग? तेवढं तरी माझं असू दे त्याच्या पाठीवर."

मुलगा तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत एक प्रश्न होता. गेले चार दिवस, घरी आल्यापासून, तो तिच्यामागे स्वयंपाकघरात, हायवेवरच्या तिच्या फळांच्या टपरीवर, नदीवर फिरत होता. तो प्रश्न ती ओळखत होती. आणि तिने तो प्रत्येक वेळी ताटावरून माशी उडवावी तसा उडवला होता.

"आधी जेवा," ती म्हणाली. "गावचा सामना तीनला आहे."

*

भांडी घासताना तिचे हात कामात होते आणि मन नव्हते.

प्रत्येकाला दोन आडनावे असतात: पुढे बापाचे, मागे आईचे. बापाचे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. आईचे एका आयुष्यापुरते सोबत येते, आणि नातवंडाच्या उंबरठ्याशी येऊन चपला काढून बाहेरच थांबते. तेओलिंदाचे वडील आब्सालोन कोंगो यांना मुलगा नव्हता. तेओलिंदा एकुलती एक. म्हणजे त्यांच्या घरातले कोंगो हे नाव तिच्या मुलाबरोबर, त्याच्या कागदांवर दुसऱ्या जागी बसून, एक दिवस संपणार होते.

तिचे वडील ऊसतोडीच्या हजेरीला आपले नाव पूर्ण सांगत. मुकादम म्हणे, आब्सालोन पुरे. ते म्हणत, कोंगो. आब्सालोन कोंगो. कोयत्याच्या पात्याला अंगठा लावून धार पाहावी तसे ते हा शब्द जिभेवर धरून पाहत. समुद्रापलीकडून त्यांच्या माणसांनी काहीच आणले नव्हते, आणायची सोयच नव्हती. जहाजावरच्या कुणीतरी त्यांच्यावर हा शब्द टाकला, आणि त्यांनी तो इतका जपला की टाकणाऱ्याचे नाव कुणाला आठवत नाही.

आणि तिने? शाळेत बाई हजेरीत "कोंगो" म्हणत तेव्हा मागचे बाक माकडांचे आवाज काढत. पुढे क्विटोत एका घरी ती कामाला होती. तिथल्या मालकिणीने तिला विचारले होते, तुला दुसरं काही नाव नाही का गं, जरा बरं? तेओलिंदा गप्प राहिली होती. त्या गप्प राहण्याचा काटा अजून निघाला नव्हता. म्हणूनच आता तिला मुलाकडे मागायचे नव्हते. जे नाव एकदा तिला लपवावेसे वाटले, ते दुसऱ्याने मिरवावे म्हणून ती कुठल्या तोंडाने हात पसरणार? आणि मागून मिळालेले नाव आब्सालोन कोंगो यांनी चुलीत घातले असते.

तिने पातेले पालथे घातले. बाहेर लाउडस्पीकर खरखरला.

*

गावचे मैदान नदीच्या कडेला, दगडांनी आखलेले. डॉन ओल्गेर यांच्या सत्तरीच्या निमित्ताने आज तिथे एक विचित्र सामना होता: एका बाजूला सहा जण, सगळेच ओल्गेर एस्पिनोसा, आणि दुसऱ्या बाजूला उरलेले गाव. न्यायाधीशसाहेब इबार्राहून गाडीने आले होते आणि चड्डीत पोट कोंबत होते. पदकवीर त्यांना मागून आवळायला मदत करत होता.

ओफेलियाने गाठोडे सोडले. पिवळ्या पडद्याच्या कापडाचे सहा शर्ट.

"आकडे कुठायत?" ढोलवाल्या ओल्गेरने विचारले.

"आकडे विचारले तर सहाही जणांना दहाच हवा होता. मग म्हटलं, मरू दे आकडे."

"मग नावं?"

"नावं! सहा वेळा एकच नाव शिवू? मला काय वेड लागलंय? डॉन ओल्गेर लाउडस्पीकरवरून काय बोलणार, ओल्गेर एस्पिनोसाने ओल्गेर एस्पिनोसाला पास दिला, ओल्गेर एस्पिनोसा पडला?"

तिने पहिला शर्ट उलटा करून हवेत धरला. पांढऱ्या चादरीतून कापलेली अक्षरे, थोडी वाकडी, पण टाक्यांनी घट्ट बसवलेली: चाला. मग दुसरा: फोयेको. तिसरा, चौथा. प्रत्येकावर त्याच्या आईचे आडनाव. 'मिंदा' तिने आपल्या मुलाच्या अंगावर फेकला. "धर. हे माझं. फाडलंस तर तंगडं मोडीन."

बांधाच्या भिंतीवर बसलेल्या बायकांत आधी कुजबुज झाली, मग एकदम हशा, आणि त्या हशाच्या पोटात काहीतरी ओले होते. न्यायाधीशांची म्हातारी आई काठी टेकत उठली. "माझं नाव कोर्टाच्या पाटीवर नाही आलं कधी," ती मोठ्याने म्हणाली, "पडद्यावर आलं!"

शेवटचा शर्ट ओफेलियाने कुणाला दिला नाही. ती भिंतीपाशी आली आणि तो तिने तेओलिंदाच्या मांडीवर ठेवला.

पाच रोमन अक्षरे: कोंगो. तेओलिंदाने त्यांवरून बोट फिरवले. दोन्ही 'ओ' गोल कापायला ओफेलियाने कॉफीचा पेला उपडा ठेवून आखले असावे. कडेला पेन्सिलीची रेघ राहिली होती. अक्षरे तिला ओळखीची वाटली, आणि अनोळखीही, आरशात अचानक मागून आपला खांदा दिसावा तशी.

"चांगलं दिसतंय," मुलगा तिच्यासमोर उभा राहून म्हणाला.

"पडद्याचं कापड आहे. घाम शोषणार नाही," ती म्हणाली, आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

लिसार्दो भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता, निळ्या शर्टात. त्या सबंध मैदानात एस्पिनोसा हे नाव फक्त त्याच्या पाठीवर होते.

सामना सुरू झाला आणि डॉन ओल्गेर यांच्या आवाजाने खोरे भरले. "चेंडू फोयेकोकडे. फोयेको न्यायाधीशसाहेबांकडे, माफ करा, लाराकडे. लारा दमले. लारा बसले. लारा, कोर्ट उठलंय, उठा! चेंडू मिंदाकडे, मिंदाने दिला... कोंगोला!"

नदीपलीकडच्या उघड्या डोंगराने ते नाव घेतले आणि परत टाकले. लहानपणीच्या सवयीने तेओलिंदाने मागच्या बाकांची वाट पाहिली, त्या आवाजांची. कुणी आवाज काढला नाही. तिच्या शेजारची बाई ओवोची बी थुंकत ओरडली, "पळ की रे, कोंगो!"

तो पळाला. एकाला त्याने डावीकडे नेले आणि तिथेच सोडून दिले. दुसऱ्याच्या पायांतून चेंडू काढला. समोर उघडा गोल, त्यात न्हाव्याचा लठ्ठ पोरगा डोळे मिटून उभा. भिंतीवरच्या साऱ्या बायका उभ्या राहिल्या. लाउडस्पीकर किंचाळला, "कोंगो! कोंगो! को..." आणि चेंडू खांबाला आपटून थेट नदीत गेला.

"कोंगो!" गाव एका आवाजात कळवळले. मग सुरू झाले. "डोळे काय घरी ठेवून आलास, कोंगो?" "कोंगो, तो गोल होता, ओसरीचा खांब नव्हे!" "अरे माझी आजी मारील तो, कोंगो!" डॉन ओल्गेर यांनी दोन्ही हातांनी डोके धरले आणि माईक तोंडाशी असल्याचे विसरून म्हणाले, "या कोंगोला नदीत पाठवा रे चेंडू आणायला."

तेओलिंदा बसली नाही. ती उभीच राहिली, मान ताठ, डोक्यावर बाटली ठेवून नाचणाऱ्या बाईची असते तशी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या नावाला शिव्या घालत होते, आणि त्या शिव्या चुकलेल्या गोलासाठी होत्या. कातडीसाठी नव्हत्या, जहाजासाठी नव्हत्या. एक साधे, रोजचे, चिडून हाक मारण्याजोगे नाव. तिला वाटले, आब्सालोन कोंगो यांनी हे ऐकले असते तर टोपी काढून हवेत उडवली असती.

"हसतेस काय?" ओफेलियाने विचारले. "चुकला की तुझा."

"चुकू दे," ती म्हणाली. "ऐक ना, कसे ओरडतायत."

*

सामना कोणी जिंकला यावर अजून वाद चालू होता, तेव्हा फोन वाजला. मुलाच्या पोटऱ्या चिखलाने माखल्या होत्या. बाजूला त्याचा तोकायो गुडघ्यावर थंड पाण्याची पिशवी धरून बसला होता. लिसार्दोही जवळ आला होता. दुपारपासून तो जवळ येत होता आणि थांबत होता.

"हो, मीच," मुलगा फोनवर म्हणाला. "दुसरा. एक मिनिट थांबा." त्याने फोन छातीशी धरला आणि आईकडे वळला. "आई, ते विचारतायत."

"मग सांग ना. शर्ट तुझा आहे."

"शर्ट माझा आहे, नाव तुझं आहे." त्याने कपाळावरचा घाम पिवळ्या बाहीने पुसला; कापडाने तो खरोखरच शोषला नाही. "चार दिवस मी वाट बघतोय, तू म्हणशील म्हणून. तू म्हणायची नाहीस. मग मीच मागतो. देशील?"

तिच्या मनात इतके दिवस जे उलटे उभे होते ते कुणीतरी हलकेच सुलटे करून ठेवले. मागायचे तिने नव्हतेच. तिच्याकडे मागितले जात होते.

"एक तोच मुलगा आहे माझा," लिसार्दो घाईने म्हणाला. "तेओ, बघ. मी मोठी अक्षरं म्हणत नाही. वर कोंगो लिहा, खाली बारीक..."

तिने हात पुढे केला. मुलाने फोन तिच्या तळव्यावर ठेवला.

"हॅलो," पलीकडचा तरुण आवाज सभ्य होता, पण घाईत. "काय छापू, बाई?"

"कोंगो."

"के ने की सी ने? चूक व्हायला नको. देशाचं लिहितात तसं का?"

"माझ्या वडिलांचं लिहितात तसं," तेओलिंदा म्हणाली. मग तिने ते एकेक अक्षर करून सांगितले, सावकाश, हजेरीला उभे राहून सांगावे तसे. "सी. ओ. एन. जी. ओ. मागेपुढे काही नको. टिंबही नको."

"कोंगो. लिहिलं. बरं दिसेल हो पाठीवर, सुटसुटीत."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

ओफेलियाच्या ओल्गेरने गुडघ्यावरची पिशवी उचलून मित्राच्या मानेवर ठेवली. "चल रे, तोकायो. नदीत. चेंडू शोधायला तुलाच पाठवलंय."

"तोकायो काय म्हणतोस? आता माझं नाव वेगळं झालं."

"पाठ वेगळी झाली. तोंड तेच आहे. चल." दोघे धक्काबुक्की करत उतारावरून गेले. पिवळ्या पाठींवर दोन आयांची नावे हेलकावत, एकमेकांना आदळत, खाली पाण्याकडे गेली.

भिंतीपाशी तेओलिंदा आणि लिसार्दो उरले. बायका टोपल्या गोळा करत होत्या. लिसार्दोने अंगातला निळा शर्ट कधी काढला होता, तिला कळले नव्हते. तो त्याने उलटा करून, नाव आत घालून, घडी करून हातावर टाकला होता. बनियनमध्ये तो बारीक आणि म्हातारा दिसत होता. त्या माणसाने एकदा, पावसात, एक मूल पोटाशी धरून कचेरीपर्यंत नेले होते. तेही तिला आठवले.

"गोदीत सगळ्यांना सांगून ठेवलंय मी," तो म्हणाला. "नऊ नंबर, एस्पिनोसा, माझा पोरगा. आता परत जाऊन काय सांगू?"

तिने सरबताचे रिकामे पातेले उचलले, चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

"नवीन घेईन म्हणतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "शर्ट. रविवारच्या आधी. खऱ्या पोराचा." तो थांबला. पुढचे शब्द त्याला जड गेले, पण त्याने ते काढले. "तेओ. तुझं नाव माझ्या पाठीवर घातलं तर तुला चालेल?"

पातेले डोक्यावर ठेवून तिने हात सोडला. ते डगमगले नाही. "घाल. पण टिंब नको," म्हणत ती वळली आणि घरच्या वाटेला लागली.